यकृताचे जीर्ण विकार आणि रुग्णाचे सुखायु

आयुर्वेद हे आयुष्याचे शास्त्र आहे, हे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. चरकाचार्यांनी मात्र आयुष्याचा विचार केवळ वर्षांच्या संख्येने केलेला नाही. हितायु, अहितायु, सुखायु आणि दुःखायु असे भेद करून त्यांनी सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात सुखायुचे वर्णन केले आहे. शरीराला व मनाला पीडा नसणे, अंगी बळ असणे, इंद्रिये आपापली कामे करण्यास समर्थ असणे, हाती घेतलेले काम तडीस नेता येणे आणि स्वेच्छेने हिंडता-फिरता येणे, या गोष्टी त्यात येतात. आज जगभरचे वैद्यक ज्याला रुग्णाच्या जगण्याची गुणवत्ता म्हणते, तिचा याहून नेमका आराखडा सापडणे कठीण आहे.

यकृताच्या जीर्ण विकारांचे रुग्ण पाहताना या वर्णनाची आम्हांस वारंवार आठवण होते. या रुग्णांच्या बाबतीत वैद्य, रुग्ण आणि नातेवाईक या सर्वांची दृष्टी रिपोर्टातील एका-दोन आकड्यांवर खिळलेली असते. बिलिरुबिन उतरले की सर्वांना हायसे वाटते आणि वाढले की औषध बदलले जाते. मधल्या काळात तो मनुष्य झोपला का, जेवला का, शेतावर गेला का, याची विचारपूस होतेच असे नाही. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील वैद्यकव्यवसायाच्या अनुभवावरून आमचे असे स्पष्ट मत झाले आहे की, या रुग्णांच्या बाबतीत आपले पहिले कर्तव्य त्यांचे सुखायु राखणे हे आहे. ते कर्तव्य पार पाडावयाचे तर आपल्या प्रश्नांत, पथ्यात आणि काही प्रमाणात आपल्या औषधयोजनेतही बदल करावा लागेल.

याप्य म्हणजे सोडून दिलेला नव्हे

व्याधींचे साध्यासाध्यत्व सांगताना शास्त्रकारांनी सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे चार वर्ग केले. यांतील याप्य हा वर्ग व्यवहारात आपण विसरत चाललो आहोत. रुग्ण एक तर बरा होणारा, नाही तर हाताबाहेर गेलेला, अशी दोनच खणांची मांडणी आपल्या बोलण्यात येते. सुश्रुताचार्यांनी याप्य व्याधीसाठी कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टांत दिला आहे. पश्चिम पट्ट्यात आहुपे, तळेघर, घाटघर या बाजूला पावसाळ्यापूर्वी जुन्या घराच्या आढ्याखाली लाकूड लावणाऱ्या माणसांना हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. टेकू लावलेल्या घरात माणसे अनेक पावसाळे काढतात. टेकू योग्य जागी हवा आणि तो वेळोवेळी तपासला पाहिजे, एवढेच.

पूर्ण विकसित सिरोसिस हा बहुतेक रुग्णांत याप्य व्याधी आहे. तो आमच्या औषधाने मुळासकट नाहीसा होतो, असे फलक आणि पत्रके अधूनमधून दृष्टीस पडतात. अशा आश्वासनांनी रुग्णाची जमीन जाते आणि वेळही जातो. त्याचबरोबर, आता काही उपयोग नाही, असे सांगून रुग्णाला घरी पाठविणे हेही तितकेच अशास्त्रीय होय. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र यकृताला विशेष लागू पडते. मद्य पूर्ण सुटले तर यकृत कित्येकदा अनपेक्षितपणे सावरते. हिपॅटायटिस सी या विषाणूचा संसर्ग तर आज बहुसंख्य रुग्णांत सुमारे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. हिपॅटायटिस बी औषधाने आटोक्यात राहतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. ज्या रुग्णाची ही तपासणी झालेली नाही, त्याला काढा लिहून देण्यापूर्वी ती करवून घेणे हे आपण निदानाचेच अंग मानले पाहिजे.

रिपोर्टात न दिसणारे दुःख

१९९९ साली अमेरिकेतील यकृततज्ज्ञ झोबैर युनोसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या जीर्ण रुग्णांसाठी एकोणतीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मागील दोन आठवड्यांत पोटाच्या तक्रारी, थकवा, सार्वदेहिक लक्षणे, हालचाल, भावना आणि चिंता या सहा अंगांनी रुग्ण कसा जगला, हे तीत विचारले जाते. ती आजही जगभर वापरली जाते. यकृताच्या रक्ततपासण्या आणि रुग्णाला जाणवणारा थकवा यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही, हे अशा अभ्यासांतून पुढे आलेले महत्त्वाचे निरीक्षण आहे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्नपरीक्षेचे महत्त्व वैद्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. प्रश्न कोणते विचारावेत, एवढाच मुद्दा आहे.

ही दुःखे स्थानिक जीवनात कोणत्या रूपाने दिसतात, ते पाहू. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलणारा मनुष्य 'अंगात जीव नाही' असे म्हणतो, तेव्हा घरचे त्याला आळशी ठरवितात. सातगाव पठारावर बटाट्याच्या काढणीला जाणाऱ्या बाईला रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि ती दिवसभराच्या श्रमांना दोष देते. पश्चिमेकडील आदिवासी गावांत बाळहिरड्याचा हंगाम हे वर्षाच्या रोख उत्पन्नाचे मोठे साधन असते. पोटात पाणी झालेल्या माणसाला हिरड्याच्या झाडावर चढता येत नाही आणि त्याचा हंगाम बुडतो. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याच्या झाडांची हानी झाली, तेव्हा एक हंगाम जाणे म्हणजे काय, हे या गावांनी अनुभवले आहे. यकृताच्या रुग्णाच्या घरी तशी आपत्ती दरवर्षी येते आणि तिचा पंचनामा होत नाही.

कंडू हे आणखी एक उपेक्षित लक्षण. पित्ताचा मार्ग अवरुद्ध असलेल्या रुग्णांत तळहात-तळपायांपासून सुरू होणारी ही खाज रात्री वाढते, झोप नाहीशी करते आणि कातडी ओरबाडून काढते. गावात तिला खरूज समजून घरातील अंथरुणे वेगळी केली जातात.

सर्वांत अधिक गैरसमज होतो तो मनोव्यापारांतील बदलांबाबत. रात्री टक्क जागे राहणे आणि दिवसा पेंगणे, रोजच्या वाटेवर चुकणे, हिशेब न जुळणे, सही वाकडी होणे, विनाकारण चिडणे ही यकृतजन्य एन्सेफॅलोपॅथीची आरंभीची लक्षणे असू शकतात. शरीरातील अमोनियासारखी द्रव्ये यकृताकडून निष्प्रभ न झाल्याने ती मेंदूपर्यंत पोहोचतात. मलावरोध, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जुलाबांनी आलेला शोष किंवा झोपेची गोळी एवढ्या निमित्तानेही हा प्रकार उफाळतो. गावात याला 'बाहेरचे' म्हणतात आणि देवऋषी शोधला जातो. रुग्णाच्या पत्नीला एखाद्या वैद्याने हे लक्षण आधीच समजावून सांगितले असेल, तर कित्येक दिवसांची फरफट टळते. त्यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही.

पथ्याच्या नावाखाली उपासमार

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. कावीळ म्हटली की हळद बंद, तेल बंद, डाळ बंद, दूध बंद आणि केवळ उसाचा रस, चुरमुरे व भाताची पेज, अशी पथ्याची रूढी आपल्या भागात घट्ट रुजलेली आहे. तिला काही वैद्यांचेही अनुमोदन असते. आपोआप ओसरणाऱ्या तीव्र काविळीत ही रूढी पंधरा दिवस चालून जाते, कारण रुग्ण तसाही बरा होणार असतो. दंडावर माळ बांधणारे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरविणारे आणि नाकात देवडांगरीचा रस पिळणारे यांची कीर्तीही याच आपोआप बऱ्या होणाऱ्या रुग्णांवर उभी आहे. परंतु तीच रूढी सिरोसिसच्या रुग्णावर वर्षानुवर्षे लादली जाते, तेव्हा ती उपासमार ठरते.

याचे कारण शरीरक्रियेत आहे. निरोगी यकृत रात्रीच्या उपवासासाठी साखरेचा साठा राखून ठेवते. सिरोसिसमध्ये हा साठा अत्यल्प उरतो. त्यामुळे एका रात्रीच्या उपवासाने या रुग्णाच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासासारखी असते. शरीर स्वतःचा मांसधातू मोडून इंधन करू लागते. दंड व मांड्या बारीक होतात आणि पोट मात्र पाण्याने वाढते. काट्यावरचे वजन स्थिर दिसल्याने घरच्यांना समाधान वाटते. त्यातच स्नायू हे अमोनियाचा निचरा करण्यास यकृताला साहाय्य करतात. म्हणजे मांसक्षय झाला की बुद्धीचा गोंधळही वाढतो. एन्सेफॅलोपॅथीच्या भीतीने प्रथिने तोडण्याचा जुना प्रघात आधुनिक वैद्यकानेही आता मागे घेतला आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे, असा सध्याचा सल्ला आहे.

यावर काही वैद्य असे म्हणतील की, अग्निमांद्य असताना असा आहार कसा पचावा? प्रश्न रास्त आहे. परंतु उदररोगाच्या चिकित्सेत, जलोदराचे पाणी काढल्यानंतर चरकाचार्यांनी सांगितलेला क्रम पुन्हा पाहावा. आरंभीच्या लंघन-पेयेनंतर सहा महिने दुधावर, पुढील तीन महिने दुधासह पेया आणि त्यानंतरचे तीन महिने दुधासह श्यामाक किंवा कोरदूष यांचे हलके, अलवण अन्न, असा तो संपूर्ण वर्षाचा क्रम आहे. तो आज शब्दशः राबवावा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याची दिशा ध्यानात घ्यावी. त्यात लवण वर्ज्य आहे, दूध सातत्याने आहे आणि अन्न अग्नीच्या बलाप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढविले आहे. रुग्णाला दीर्घकाळ उपाशी ठेवण्याचा आदेश त्यात नाही. शिवाय ज्यांना ग्रंथकार श्यामाक आणि कोरदूष म्हणतात, तो सावा आणि कोद्रा. सावा, वरई, नाचणी ही तर आमच्या डोंगरपट्ट्याची धान्ये. ग्रंथातील पथ्य आणि आहुप्याच्या शेतातील पीक यांत फारसे अंतर नाही.

तेव्हा पथ्य सांगताना काय टाळावे याबरोबरच काय खावे आणि केव्हा खावे, हेही सांगितले पाहिजे. दिवसात तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान जेवणे असावीत. रात्री निजताना दूध व नाचणीचे सत्त्व, किंवा दूध-भाकरी द्यावी. मुगाचे वरण, मोड आलेली मटकी, ताजे ताक, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांना अंडी व मांसरस द्यावा. एक अंडे किंवा पेलाभर दूध यांतून साधारण सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, हा हिशेब रुग्णाच्या घरी लगेच समजतो. आमच्या तालुक्यांत दुधाची टंचाई नाही, परंतु ते सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाते आणि घरातील रुग्णाच्या वाट्याला बिनदुधाचा चहा येतो. एक पेला दूध घरी ठेवा, एवढे वैद्याने निक्षून सांगितले तरी पुष्कळ कार्य होते.

जलोदर असलेल्या रुग्णाला मीठ कमी हवे, म्हणजे दिवसभरात साधारण पाच ग्रॅमच्या आत. येथे सुकट, बोंबील, लोणचे, पापड आणि खारे शेंगदाणे यांची नावे घेऊन सांगावे लागते, कारण अनेकांच्या लेखी मीठ म्हणजे केवळ वरून घेतलेले मीठ. मात्र मीठ इतके तोडू नये की अन्नच तोंडाला नकोसे व्हावे. लिंबू, जिरे, कोथिंबीर, आले यांनी रुची राखता येते.

उपवासांचाही विचार करणे अगत्याचे आहे. ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आणि भीमाशंकर जवळच्याच डोंगरात असल्याने संकष्टी, श्रावणी सोमवार आणि एकादशी हे वार येथे निष्ठेने पाळले जातात. सिरोसिसच्या रुग्णाने निरंकार उपवास करू नये, असे आमचे ठाम मत आहे. त्याच्या श्रद्धेला धक्का न लावता दूध, राजगिरा, भगर, शेंगदाणे आणि फळे थोड्या थोड्या वेळाने घेण्यास सांगावे. वैद्याचा शब्द या बाबतीत डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा अधिक मानला जातो. त्या शब्दाचा उपयोग करावा.

मलशुद्धीविषयीही तारतम्य हवे. उदररोगात नित्य विरेचनाचा उपदेश आहे आणि दिवसातून दोन-तीन वेळा मऊ मलप्रवृत्ती व्हावी, हे आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. हिरडा तर आपल्याच डोंगरातला. परंतु दुर्बल झालेल्या, जलोदरी रुग्णाला तीक्ष्ण विरेचन देऊन दहा-बारा वेग आणणे म्हणजे शोष, मूत्रक्षय आणि बेशुद्धी यांना आमंत्रण होय. बल पाहून शोधन करावे, हा आपलाच नियम येथे काटेकोरपणे पाळला पाहिजे.

आपली औषधे आणि आपली जबाबदारी

काही सदस्यांस पुढील मुद्दा रुचणार नाही, परंतु तो मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. कुमारी-आसव, रोहितकारिष्ट, पुनर्नवासव ही यकृतविकारांत सर्रास लिहून दिली जाणारी औषधे आहेत. आसवारिष्टांत संधानाने निर्माण होणारा मद्यार्क असतो आणि त्याचे प्रमाण सामान्यतः पाच ते दहा टक्के असते. मात्रा लहान असते, हे खरे. तथापि ज्याने मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे, त्याच्या जिभेला रोज दोन वेळा तीच चव देणे कितपत उचित आहे? सिरोसिसच्या रुग्णांत, आणि विशेषतः मद्यजन्य यकृतविकारात, आसवारिष्टांऐवजी फलत्रिकादीसारखे क्वाथ, चूर्ण किंवा वटी यांचाच विचार व्हावा. द्रव्य तेच राहील, कल्पना मात्र बदलावी.

दुसरा मुद्दा गुळवेलीचा. करोनाच्या काळात घरोघरी लोकांनी स्वतःच्या मनाने गुळवेल घेतली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीसंबंधी आक्षेप घेतला आणि साधर्म्य असलेल्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असे प्रतिपादन केले. या वादात आवेशाने पक्ष घेण्यापेक्षा वैद्याने व्यवहारात काय करावे, हे महत्त्वाचे. बांधावरून तोडून आणलेली वेल कोणती, किती मात्रेत आणि किती दिवस घेतली, याची नोंद कोणाकडेही नसते. ज्याचे यकृत आधीच दुर्बल आहे, त्याला कोणतेही औषध, मग ते आपले असो वा परके, सुरू करण्यापूर्वी आणि काही आठवड्यांनी यकृताची तपासणी करवून घ्यावी. औषधाच्या वेष्टनावरील तुकडी क्रमांक लिहून ठेवावा. भुई-आवळ्याचा इतिहासही येथे उद्बोधक आहे. १९८८ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी वरील त्याच्या परिणामाचे आशादायक निष्कर्ष 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध केले, परंतु पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत ते तसे आढळले नाहीत. आपल्या द्रव्यांची प्रतिष्ठा आग्रहाने वाढत नाही, नोंदींनी वाढते.

याच संदर्भात वेदनाशामक गोळ्यांचे नाव घ्यावयास हवे. अंगदुखीसाठी किराणा दुकानातूनही मिळणाऱ्या गोळ्या सिरोसिसच्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना व अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांना घातक ठरू शकतात. त्या घेऊ नयेत, हे प्रत्येक भेटीत सांगावे. तसेच तज्ज्ञांनी सुरू केलेली विषाणूरोधक, मूत्रल किंवा रक्तस्राव टाळणारी औषधे परस्पर बंद करण्याचा सल्ला आपण देऊ नये.

लाज आणि एकटेपण

'लिव्हर गेले' म्हटले की गाव एकच अर्थ काढते. दारूने या दोन तालुक्यांतील अनेक घरे पोखरली आहेत, यात शंका नाही. बायकांनी मतदान करून बाटली आडवी करण्याची वेळ महाराष्ट्रातील गावांवर उगाच आली नाही. परंतु जन्मात दारूला स्पर्श न केलेल्या माणसालाही विषाणूमुळे, मेदसंचयामुळे किंवा अन्य कारणांनी सिरोसिस होतो. स्थौल्य व मधुमेह यांच्याशी निगडित मेदयुक्त यकृताचे नावच २०२३ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी बदलले. नव्या नावात चयापचयाच्या बिघाडाला स्थान मिळाले आणि जुन्या नावातील मद्याचा उल्लेख व मेदाविषयीचा हेटाळणीचा सूर गेला. उसाच्या व द्राक्षांच्या पट्ट्यातील सुखवस्तू घरांत हे रुग्ण आता आम्हांस वारंवार दिसतात. आणि ज्याचा विकार खरोखरच मद्यजन्य आहे, तोही रुग्णच आहे. त्याला उपदेशाने अपमानित केले की तो पुढच्या वेळी येत नाही, एवढेच होते. एकाएकी दारू सोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप, भ्रम, आकडी येऊ शकते. तेव्हा दारू सोडविणे हेही देखरेखीखालीच व्हावयास हवे.

हिपॅटायटिस बी असलेल्या सुनेचे ताट-वाटी वेगळे करणे, तिला स्वयंपाकघरात येऊ न देणे, हे प्रकार आजही घडतात. हा संसर्ग रक्त व शरीरसंबंध यांतून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाला होतो. एका पंक्तीत जेवल्याने तो होत नाही. घरातील इतरांची तपासणी व लसीकरण आणि नवजात बालकाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस, हा त्यावरील उपाय आहे. सासूच्या समोर बसून हे समजावून सांगणे, ही त्या सुनेची चिकित्साच होय.

आणि जो मनुष्य शुश्रूषा करतो, त्याची विचारपूस कोण करतो? चिकित्सेच्या चार पादांत परिचारकाला स्थान आहे. आपल्या भागात हा परिचारक बहुधा रुग्णाची पत्नी असते. शेतमजुरी, जनावरे, मुले आणि रात्रभर जागणारा नवरा यांत ती झिजते. चौथा पाद ढासळला की उरलेले तीन फार काळ तग धरीत नाहीत.

एक पान, दहा प्रश्न

प्रश्न विचारल्याने काय साधते, याचे थोर उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडले आहे. बालयकृत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिरोसिसने एके काळी कित्येक बालके दगावत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्यासमवेत ब्रिटिश बालयकृततज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या बालकांच्या आहाराचा मागोवा घेतला. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापविलेले व ठेवलेले दूध लहानग्यांना पाजण्याशी या रोगाचा संबंध त्यांनी दाखविला. १९८३ मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनपानाचा प्रसार झाला, भांडी बदलली आणि पुढच्या दशकात हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. दूध कोणत्या भांड्यात तापविता, या साध्या प्रश्नाची ती किमया होती.

म्हणून संघटनेच्या सदस्यांपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवीत आहोत. यकृताच्या प्रत्येक जीर्ण रुग्णासाठी एक पान ठेवावे आणि दरमहा पुढील दहा प्रश्नांची उत्तरे त्यावर लिहावीत.

१. रात्री झोप किती वेळ लागते? दिवसा पेंग येते का?
२. बोलण्यात, हिशेबात, स्वभावात घरच्यांना काही बदल जाणवतो का?
३. खाज आहे का? तिने झोपमोड होते का?
४. पोटऱ्यांत गोळे येतात का?
५. दिवसातून किती वेळा खाणे होते? रात्रीचे शेवटचे आणि सकाळचे पहिले खाणे यांत किती तासांचे अंतर असते?
६. मलप्रवृत्ती कशी आहे? मलाचा रंग काळा आहे का?
७. पोटाचा घेर, दंडाचा घेर आणि वजन किती?
८. या महिन्यात कोणते काम करता आले आणि कोणते सोडावे लागले?
९. जत्रा, लग्न, पाहुणे यांकडे जाणे झाले का? नसल्यास का नाही?
१०. सर्वांत मोठी चिंता कोणती? आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती कशी आहे?

याच पानाच्या तळाशी धोक्याची लक्षणे ठळक अक्षरांत लिहून रुग्णाच्या घरी द्यावीत. रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा मल, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, जलोदरात ताप व पोटदुखी, लघवी एकदम कमी होणे, यांपैकी काहीही आढळले तर औषधाची वाट न पाहता त्याच तासाला मंचर किंवा पुण्याच्या रुग्णालयाकडे निघावे. डिंभे धरणाच्या पलीकडच्या गावांना हा प्रवास किती लांबतो, हे आपण जाणतो. म्हणूनच वाहन कोणाचे आणि बरोबर कोण येणार, हे त्या पानावर आधीच लिहिलेले असावे. सिरोसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी होणारी सोनोग्राफीची तारीखही तेथेच असावी, कारण यकृताचा कर्करोग लवकर सापडला तरच त्यावर उपाय करता येतो.

यासाठी खर्च नाही आणि आपल्या चिकित्सेत कोणतीही तडजोड नाही. दहा वैद्यांनी वर्षभर अशी पाने ठेवली, तर कोणत्या उपायाने झोप सुधारली, कोणत्या पथ्याने दंडाचा घेर टिकला आणि कोणत्या औषधाने काहीच साधले नाही, हे या त्रैमासिकाच्या पानांवर आपल्याला पुराव्यानिशी मांडता येईल. संघटनेच्या आगामी बैठकीत हा विषय घ्यावा, अशी कार्यकारिणीस आमची विनंती आहे. नमुन्याचे पान आम्ही तयार केले असून बैठकीत ते सर्व सदस्यांना देऊ. त्यात सुधारणा सुचवाव्यात. पुढच्या हिरड्याच्या हंगामापूर्वी निदान काही गावांत हे काम सुरू झालेले असावे.